पार्सलची खिडकी

लालबागला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक परमिट रूम होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बाजूच्या बोळात उघडायची. मी तिसरीत गेले तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्या खिडकीशी उभी राहायचे. मुठीत आईने दिलेली घडीची नोट आणि तोंडात घोकत आणलेले शब्द : दोन प्लेट बोंबील, एक प्लेट जवळा. पुढच्या दाराने आत जायचं नाही, ही ताकीद आई जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकवायची. खिडकी माझ्या डोक्याच्या वर होती, म्हणून तिथे सोड्याच्या बाटल्यांचा लाकडी खोका पालथा घातलेला असे. त्यावर चढलं की आधी कढई दिसायची, मग आचाऱ्याचा घामाने चकाकणारा हात, आणि त्या हाताच्या खालून आतली खोली. सनमायकाची टेबलं, संथ फिरणारे पंखे, पाठमोरी माणसं. त्यातल्या कित्येक पाठी माझ्या ओळखीच्या होत्या. तिसऱ्या टेबलावरची पाठ माझ्या आजोबांची.

बोंबील केळीच्या पानाच्या तुकड्यावर यायचे. वर वर्तमानपत्र, त्यावर पांढरा दोरा. तीन मजले चढून मी घरी पोचेपर्यंत रव्याचं कवच वाफेने मऊ पडलेलं असे. आमच्या घरात तळलेल्या बोंबलाची चव हीच, मऊ आणि जराशी ओलसर. आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ, आम्ही चौघं त्या पुडीभोवती बसायचो. आजी पहिला तुकडा तोंडात टाकून क्षणभर थांबायची आणि मग मान हलवायची. ती कसली परीक्षा घेत असे ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

बार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटली येते. माझ्या डोळ्यांसमोर कढई येते. गल्लीतल्या साध्या बारमध्ये माणसं वर्षानुवर्षं का जातात, याचं उत्तर मला त्या कढईपाशीच सापडत आलं आहे. ही कढई तिथे कशी आली, त्याची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. काही आजोबांकडून, म्हणजे आप्पांकडून, चाळीच्या गॅलरीत, काही तात्यांकडून, आणि सगळ्यात मोलाची आजीकडून, ती मिरच्यांची देठं खुडत असताना.

आप्पा देवगडहून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा अठरा वर्षांचे होते. साल १९३६. गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले आणि गाववाल्यांच्या गाळ्यात राहू लागले. एका खोलीत वीस-बावीस माणसं. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकट्यांवर झोपायची. जेवण खानावळीत. आणि पगार झाला की पिठ्यावर.

पिठा हा शब्द आता कुणी वापरत नाही. आप्पा त्याचं वर्णन करायचे तेव्हा त्यात बसायची जागाच नसायची. लाकडी फळी, फळीमागे माप घेऊन उभा असलेला माणूस, समोर पैसे टाकून उभ्याउभ्या ग्लास रिकामा करणारी रांग. आत खायला काही मिळत नसे. दाराबाहेर एक बाई टोपली घेऊन बसलेली असायची, भाजलेले चणे, मीठ लावलेले वाटाणे, सुकट. "आत प्यायचा आणि भायर येवन खायचा," आप्पा म्हणायचे. "तवसर पाय चलाक लागलेले आसायचे."

आमच्या मजल्यावर एक भंडारी आजोबा राहायचे. त्यांचं म्हणणं की हा पिठा सरकारनेच जन्माला घातला. त्यांच्या पणजोबांच्या काळात माहीम-दादरकडच्या वाड्यांत माड चढून माडी काढायची आणि संध्याकाळी तिथेच, झाडाखाली, शेजारपाजारच्यांना द्यायची. बरोबर ताजी मासळी भाजलेली. मग १८७८ चा अबकारी कायदा आला. ज्या झाडाची माडी काढायची त्या झाडावर कर, गाळणाऱ्यावर परवाना, विकणाऱ्यावर ठेका. माडीचा धंदा झाडाखालून उठला आणि ठेकेदाराच्या फळीमागे गेला. भंडारी आजोबा हे सांगताना हाताने माडाचा बुंधा धरल्यासारखी मूठ करायचे. कायद्याचा तपशील मी पुढे वाचला. झाडाखालची मासळी मात्र त्यांच्याखेरीज मला कुणी सांगितली नाही.

१९३७ साली बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर यांनी दारूबंदीचा विषय हाती घेतला आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर कोरडं झालं. आदल्या संध्याकाळी पिठ्यासमोर एवढी गर्दी होती, की आप्पांना फळीपर्यंत पोचताच आलं नाही. पुढे युद्ध आलं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून अख्ख्या मुंबई राज्यात संपूर्ण बंदी आली. ज्याला प्रकृतीसाठी दारू लागते असं डॉक्टर लिहून देईल, त्याला परमिट मिळे आणि महिन्याला ठरावीक युनिटं. साचेखात्यातल्या माणसाला असं लिहून देणारा डॉक्टर कुठला! त्याच्या वाट्याला आला अड्डा.

अड्ड्याची गोष्ट तात्यांची. तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, माझगावच्या गोदीत होते. मातारपाखाडीच्या बाजूला एका कौलारू घरात एक आंटी राहायची. नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो समुद्रावरच गेला. पदरी तीन मुलं. दारूबंदीच्या काळात मुंबईत अशा किती विधवांनी आपल्या राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकून पोरं वाढवली असतील! धोबीतलावला, माझगावला, वांद्र्याला, जिथे जिथे गोंयकार वस्ती तिथे आंटीचा अड्डा. पत्ता विचारायचा नसे, ओळखीच्या माणसाबरोबरच जायचं.

तात्या वर्णन करायचे ती खोली मी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगू शकते. भिंतीवर मारिया मातेची तसबीर, तिच्यासमोर लाल काचेत वात. मेणकापड घातलेलं जेवणाचं टेबल. मोठा मुलगा बोळाच्या तोंडाशी गोट्या खेळत बसलेला, त्याने शीळ घातली की ग्लास मोरीत. माल सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, कपड्यांखाली अंगाला गुंडाळून आणलेला. काळा गूळ, सडकी फळं, नवसागर, आणखी काय असेल ते ती गाळणाऱ्यालाच माहीत.

पण तात्यांच्या गोष्टीचा जीव वेगळीकडे होता. ही आंटी कुणालाही आधी ग्लास देत नसे. आधी बशी यायची. साध्या दिवशी उकडलेलं अंडं, मीठ-मिरी लावलेलं, नाहीतर उकडलेले चणे. पगाराच्या आठवड्यात सोरपोतेल आणि पाव, कधी चोरीस आणि बटाटा. "पैला खानेका, बाद में पीनेका," असं ती दरडावायची आणि बशी रिकामी झाल्याशिवाय हात बाटलीकडे न्यायची नाही. तात्यांना वाटे की आंटी मायाळू आहे. एकदा त्यांनी तसं म्हटल्यावर तिने सरळ सांगितलं, की उपाशीपोटी प्यालेला माणूस रस्त्यात पडतो, पडलेल्या माणसाभोवती हवालदार जमतात, आणि हवालदार आला की माझ्या पोरांचा घास जातो. म्हणून खा.

मला हे फार मोठं वाटतं. भीतीपोटी का होईना, त्या खोलीत पहिल्यांदा मजूर माणूस टेबलाशी बसून, पुढ्यात बशी घेऊन, सावकाश प्यायला. पिठ्यावर तो उभा होता. आंटीने त्याला बसवलं आणि जेवू घातलं. तात्या म्हणायचे, तिच्याकडे जाणाऱ्यांत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहणारे गोव्याचे खलाशी असायचे आणि आमच्यासारखे गाळ्यातले कोकणीही. दोघांचीही घरं दूर, दोघांनाही संध्याकाळी ताट वाढणारं कुणी नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या घराने पाहिली आहे. त्या ट्यूबमधल्या दारूने माणसं आंधळी झाली, मेली. बंदी सैल झाल्यावरही चोरटी दारू गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने गेली, सगळी कष्टकरी. आणि विष नसलेल्या दारूनेही घरं बसली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाज्याशी उभ्या राहणाऱ्या बायकांत माझी आजीही असायची. ती कुणाची बायको म्हणून उभी नसायची. ती खानावळवाली होती आणि तिचे नऊ माणसांचे पैसे पिठ्यावर किंवा अड्ड्यावर पोचण्याआधी तिला हातात हवे असत.

आजीची खानावळ म्हणजे आमची दहा बाय बाराची खोली. दोन स्टोव्ह, एक शेगडी. सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे, रात्री दुसऱ्या पाळीनंतर पंगत. गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. संध्याकाळ झाली की प्रत्येक मजल्यावरून फोडणीचा आणि सुक्या मासळीचा वास खाली उतरायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला नाव मिळालं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या. आजी त्यांच्या एका सभेला गेली होती आणि त्या सभेबद्दल ती नातसुनेला सांगावं तसं, मला पुनःपुन्हा सांगायची.

परमिट रूमचे मालक अण्णा आणि आजी यांची गाठ त्याच्या एखादं वर्ष आधी पडली.

अण्णा उडुपीकडच्या एका गावातून अकराव्या वर्षी मुंबईला आले. माटुंग्याच्या एका हॉटेलात कपबशा विसळल्या, रात्रशाळेत शिकले, मग आमच्या कोपऱ्यावरचा गाळा पागडीने घेऊन इडली-डोसा सुरू केला. तुळू मुलखातून आलेल्या कित्येक शेट्टींची हीच वाट. १९६३ च्या अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि दारूबंदीची गाठ सैल होत गेली. परमिट मिळणं सोपं झालं, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, दुकानं उघडली. त्या सुमारास अण्णांनी परमिट रूमसाठी अर्ज केला.

इथे कायद्याची एक गंमत आहे, आणि तिने गल्लीतल्या बारचं सगळं रूप ठरवलं. देशीच्या दुकानाला स्वयंपाकघर लागत नाही. म्हणून आजही देशीच्या दुकानात फळीच आहे, आणि बाहेर अंडाभुर्जीची, वजडीची, चण्यांची गाडी. आप्पांच्या पिठ्यावरची टोपलीवाली बाईच जणू गाडी लावून उभी. परमिट रूमचं तसं नाही. १९५३ च्या विदेशी मद्य नियमांतला एफएल-३ परवाना मागायचा तर आधी खाद्यगृहाचा परवाना हवा. म्हणजे चूल आधी, बाटली नंतर. आंटीने भीतीपोटी जो नियम केला होता तो इथे सरकारी कागदावर आला. आणि हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं त्याच्या नावात दारूबंदी हा शब्द अजून आहे. दारू प्यायला आजही कागदोपत्री परमिट लागतं, एका दिवसाचं पाच रुपयांत मिळतं.

तर अण्णांना परवाना मिळाला. इडलीचं हॉटेल परमिट रूम झालं. अण्णांनी गावाकडचा आचारी आणला, त्याने बांगड्याची गशी केली, खोबरेल तेलात. उत्तम होती, आप्पा सांगायचे. पण समोर बसलेली माणसं मालवणी. त्यांना बांगड्यात तिरफळ हवं होतं, आमटीत आमसूल हवं होतं. माणसं नाइंटी घेऊन, चणे खाऊन उठून जायची आणि जेवायला खानावळीत यायची. महिनाभर हे पाहून अण्णा एके दुपारी तीन मजले चढून आमच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि आजीला म्हणाले, "अम्मा, माझे गिऱ्हाईक सगळे तुमच्याकडे जेवतात. तुम्ही काय घालता?"

आजीने त्या दिवशी सांगितलं नाही. तिला परमिट रूमचा राग होता आणि तो बरोबरच होता. दुसऱ्यांदा आले तेव्हा तिने त्यांनाच उलट विचारलं, की माणसाला उपाशीपोटी देता का? अण्णा म्हणाले, माझ्याकडे जेवण स्वस्त ठेवतो, म्हणजे कुणी उपाशी पिणार नाही. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा एप्रिल होता. आजी गॅलरीत मिरच्या वाळवत होती.

त्या वर्षीपासून आजीचा मसाला खाली जाऊ लागला. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटासाठी, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, हळकुंड. सगळं निवडून, वेगवेगळं भाजून, पाटी डोक्यावर घेऊन लालबागच्या मिरची गल्लीतल्या डंकावर. डंकावर रांग असायची, आजी आपल्या पाटीजवळून हलायची नाही. घरचा मसाला कुटून झाला की अण्णांचा. तोंडावर पदर बांधलेला, डोळे लाल, खोकत ती घरी यायची. आचाऱ्याला तिने खिडकीतून धडे दिले. बोंबील चिरून, वजनाखाली दाबून त्याचं पाणी कसं काढायचं, मसाला कोकमाच्या आगळात कालवून कसा चोळायचा, रव्यात तांदळाचं पीठ किती. ती बोळात उभी आणि तो आत. माझा तो सोड्याचा खोका खरं तर आजीसाठी ठेवला होता. तिची उंची पुरत नसे.

पुढच्या दाराने ती कधी आत गेली नाही. आपल्या हाताची चव तिने आयुष्यभर पुडीतच खाल्ली. शनिवारच्या त्या पहिल्या घासाला ती थांबायची ती यासाठी.

लोक विचारतात, अशा ठिकाणी जेवण एवढं स्वस्त कसं? अण्णांनी एकदा माझ्या वडिलांना हिशेब समजावला होता. नफा बाटलीवर, थाळी ना नफा ना तोटा. माणूस चांगलं खातो म्हणून रोज येतो, रोज येतो म्हणून धंदा चालतो. मासळी भाऊच्या धक्क्यावरून पहाटे, तीही पापलेट-सुरमईपेक्षा बोंबील, मांदेली, बांगडा, जे त्या दिवशी भरपूर उतरलं असेल ते. फुकटचा चखणा म्हणून उकडलेले चणे, काकडीचे काप, कालच्या चपातीचा कुरकुरीत चुरा. नोकर तिथेच वरच्या माळ्यावर राहणारे. आणि सगळ्यात मोठं कारण भाडं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यातली जागा, पागडीची. गाळ्याचं भाडं जिथल्या तिथे राहिलं म्हणून बोंबलाची प्लेट गिरणी कामगाराच्या खिशात बसली. पुढे मेन्यू वाढत गेला. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाब्यांनी बेसनात घोळवून तळलेली कोळंबी आमच्याकडे 'कोळीवाडा' म्हणून आली, मग चिली चिकन, मंचुरियन, रात्री उशिरा दाल खिचडी. पण पहिल्या पानावर बांगडा आणि बोंबीलच.

आप्पा निवृत्त झाल्यावर रोज साडेसहाला खाली उतरायचे. तिसरं टेबल, एक नाइंटी, एक बांगडा, आणि शेजारी तात्या नाहीतर भंडारी आजोबा. साडेसातला वर. एकदा सर्दीतापाने ते तीन दिवस गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री वेटर जिना चढून आला, हातात डबा. डब्यात पेज आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर. अण्णांनी विचारायला सांगितलंय, आजोबा बरे आहेत ना. आमच्या मजल्यावर त्याआधी कुणी चौकशी केली नव्हती, कारण शेजाऱ्यांना आप्पा खाली गेलेत असंच वाटत होतं. पेज पिता पिता आप्पा मला म्हणाले, "दारू खयंय गावता गो. ताट खयंय गावणा नाय."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा तेव्हा विणकाम खात्यात होते. पहिले दोन महिने चाळीत उत्सवासारखं वातावरण होतं, सभा, मोर्चे. मग हळूहळू भांडी विकायला निघाली. माणसं गावी गेली, आजीच्या पंगतीत नवाची तीन पानं उरली. कोपऱ्यावरची परमिट रूम मात्र भरलेली असायची, कारण माणसांना दिवसभर बसायला जागा नव्हती. अण्णांनी गल्ल्यामागे एक वही ठेवली. जेवण लिहून घेतो, बाटली लिहून घेणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. चाळीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकींनी पहिल्यांदा त्या दाराकडे रागाशिवाय पाहिलं असेल. ती वही कधी पूर्ण वसूल झाली नाही. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, वसूल कुणाकडून करणार?

आमचं शनिवारचं पार्सल संपाच्या तिसऱ्या महिन्यात बंद झालं. आईने मला काही सांगितलं नाही, फक्त शनिवारी नोट दिली नाही. पुढच्या शनिवारी मी खेळता खेळता सवयीने बोळात गेले आणि खोक्यावर चढले. मला काही मागायचं नव्हतं. आचाऱ्याने पाहिलं, आत जाऊन आला आणि माझ्या हातात पुडी दिली. नेहमीचीच, दोऱ्याने बांधलेली. मी वर नेली. आईने ती पाहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरले. मला हाताला धरून तिने खाली नेलं. पुढच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून तिने अण्णांना हाक मारली आणि पुडी पुढे धरली.

अण्णा गल्ल्यावरून उठले. म्हणाले, "वहिनी, हे पार्सल तुमचंच. अम्मांच्या मसाल्याचे गेल्या मेचे पैसे माझ्याकडे राहिलेत. आता रोकड नाही, म्हणून बोंबील देतो."

आई पुडी घेऊन वर आली. आजीला विचारलं. आजीने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, हो, राहिलेत. संप मोडून पडेपर्यंत, दीड वर्ष, दर शनिवारी ते पैसे फिटत राहिले. आजी वारल्यावर तिच्या पेटीत मसाल्याच्या हिशेबाचे कागद सापडले, प्रत्येक मे महिन्याचे, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. १९८१ च्या कागदावर 'पैसे पोचले' असं लिहिलं होतं.

त्या गिरण्यांच्या आवारांत आता काचेच्या इमारती आहेत. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावं आजची मुलं मॉल आणि पब म्हणूनच ओळखतात. तिथल्या मंद दिव्यांखाली माझ्याही मैत्रिणी भेटतात, मीही गेले आहे. तिथे मी तीन दिवस आले नाही तर कुणी डबा घेऊन येणार नाही. वाढणाऱ्या मुलांचा त्यात दोष नाही. त्या जागेचं भाडंच एवढं आहे की रोज येणारा माणूस तिला परवडत नाही.

कोपऱ्यावरची परमिट रूम अजून आहे. अण्णा गेले, आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. इमारत पुनर्विकासात जाणार आहे, नोटीस भिंतीला चिकटवलेली आहे. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने विदेशी मद्यावरचा कर दीडपट केला, परमिट रूमचा व्हॅट आधीच दुप्पट झाला होता, परवान्याचं शुल्कही वाढलं. १४ जुलैला राज्यभरच्या परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा मेन्यूकार्डावर बाटल्यांच्या किमतींवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. बोंबलाच्या किमतीवर पट्टी नव्हती. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, ते पप्पांनी सांगून ठेवलंय, वाढवायचं ते शेवटी. मसाला आता कुठून येतो, विचारलं. मिरची गल्लीतूनच. प्रमाण त्याच्या आईने वहीत उतरवून घेतलेलं आहे, माझ्या आजीकडून.

त्या दिवशी माझ्याबरोबर आई होती. तिची अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे. डॉक्टरकडून येताना तिला भूक लागली आणि मी सहज म्हटलं, चल, अण्णांकडे बसू. ती दारापाशी थांबली. मला वाटलं, नको म्हणेल. तिने चपला काढायला सुरुवात केली, मी थांबवलं. मग ती पदर सावरून उंबरा ओलांडून आत आली. दुपारची वेळ, चार-पाच म्हातारे आपापल्या टेबलांशी बसलेले. एकाने तिला ओळखलं आणि उठून तिसरं टेबल दाखवलं.

आईने पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या त्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. आतून खिडकी लहान दिसते. बोंबील आले, स्टीलच्या बशीत, सोबत कांदा आणि लिंबाची फोड. तिने एक तुकडा उचलला, बोटाला चटका बसला म्हणून खाली ठेवला, पुन्हा उचलला. दाताखाली तो मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"अगो," ती म्हणाली, "हे असे कुरकुरीत असतात?"

मग तिने वेटरला हाक मारून आणखी एक प्लेट सांगितली.